संमतीचा अंगठा

संशोधनाने समाजाचे काय साधले, हे ठरविताना केवळ त्याचे निष्कर्ष पाहणे पुरेसे नाही. ज्यांच्यावर ते संशोधन झाले, त्यांना माणूस म्हणून वागविले गेले की नाही, हेही तपासले पाहिजे. वडोदरा जिल्ह्यातील एका प्रकरणाकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो.

२००९ साली अमेरिकेतील 'पाथ' या संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस खम्मम व वडोदरा जिल्ह्यांतील १० ते १४ वर्षांच्या मुलींना दिली. डभोई, शिनोर व आदिवासीबहुल कवांट हे तालुके त्यात होते. ही लस सरकारी यंत्रणेमार्फत कशी पोचविता येईल, हे पाहणे हा घोषित हेतू होता. सात मुलींच्या मृत्यूंनंतर एप्रिल २०१० मध्ये काम थांबविण्यात आले.

टीकाकारांनी या मृत्यूंचे खापर लसीवर फोडले. चौकशी समितीला तसा संबंध दिसला नाही, आणि लसीची उपयुक्तता पुढे जगभर सिद्ध झाली. हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु तेवढ्याने योजनेचे पुरस्कर्ते दोषमुक्त होत नाहीत. गुजरातेतील तपासलेल्या ६,२१७ संमतिपत्रांपैकी ३,९४४ वर अंगठे होते. आंध्रातील ९,५४३ पैकी २,७६३ वर वसतिगृहप्रमुखांच्या सह्या होत्या. निरक्षर आईला समजावून सांगता येत नाही असे नव्हे. पण तिला खरोखर समजावले काय, हे त्या अंगठ्यावरून कळत नाही. २०१३ साली संसदीय समितीनेही कडक ताशेरे ओढले. लस लोकांपर्यंत पोचविण्याची रीत शोधणारी योजना लोकांच्या विश्वासापाशीच अडखळली. चांगल्या लसीविषयीही संशय पसरला. ही सामाजिक हानी कोणत्याही तक्त्यात मांडलेली नाही.

वसतिगृहप्रमुखांच्या त्या सह्या आम्हांला अस्वस्थ करतात, कारण वसतिगृहे आपणही चालवितो. पालक दूर असतात, मुली आपला शब्द मोडत नाहीत, आणि सही करणे सोपे असते. यरीहोच्या वाटेवर आंधळ्या बार्तीमयाची गरज उघड दिसत असतानाही प्रभूने त्याची इच्छा आधी विचारली. उपकार करणाऱ्यालाही विचारण्यापासून सूट नाही. उद्या एखादी हितकारक योजना आपल्या दाराशी आली, तर धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी लेखणी उचलण्यापूर्वी त्या मुलीच्या घरी जावे, तिच्या आईवडिलांना त्यांच्या बोलीत सर्व सांगावे, आणि त्यांचा नकारही आदराने ऐकावा.