पाय जमिनीवर

मोठ्या माणसाचे पाय जमिनीवर असावेत, असं म्हणतात. आमच्यासारख्या पाच फूट दोन इंचवाल्यांना ही चैन मोटारसायकलवर बसून सहसा परवडत नाही. जाहिरातीतला तो सहा फुटी गडी सिग्नलला गुडघे वाकवून उभा असतो. आम्ही त्याच सिग्नलला चवड्यांवर भरतनाट्यम् करत असतो.

अशांना हल्ली जो तो सांगतो, "क्रूझर घ्या!" क्रूझर म्हणजे सीट खाली, हँडल वर आणि फूटरेस्ट पुढे. आरामखुर्चीत पेट्रोल भरावं, तसा प्रकार. आकडेही मोहात पाडतात. २०२३ सालच्या बुलेट ३५० ची सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटरवर, २०२० साली आलेल्या मीटिऑर ३५० ची ७६५ वर आणि बजाजच्या ॲव्हेंजर २२० ची तर ७३७ वर. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात फरक अडीच इंचांहून थोडा जास्त. उंच माणसाला हा किरकोळ वाटेल. आमची टाच टेकते की लोंबकळते, ते यावरच ठरतं.

पण ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशेब बरोबर असतोच असं नाही, एवढं कॉमर्सने आम्हाला शिकवलं आहे. सीटच्या उंचीत सीटची रुंदी लिहिलेली नसते. क्रूझरची सीट चांगली ऐसपैस. मांड्या फाकतात आणि पायाची निम्मी लांबी आडवीच खर्च होते. वजनाचंही तेच. सुपर मीटिऑर ६५० ची सीट ७४० वर, म्हणजे धाकट्या मीटिऑरपेक्षा इंचभर खाली. वा! पण धाकटी १९१ किलोंची आणि ही २४१ किलोंची. उतारावर तोंड खाली करून लावलेली ही गाडी मागे रेटताना तो इंच मदतीला येत नाही. एकदा का ती कलली, की आपण तिच्याखाली.

आणि आराम? गुळगुळीत रस्त्यावर मान्य. पण पाय पुढे ताणून बसलं, की सगळा भार माकडहाडावर. खड्डा दिसला तर साध्या मोटारसायकलवर फूटरेस्टवर जोर देऊन जरा उठता येतं. इथे पाय पुढे असल्याने तेही जमत नाही. त्यातून अशा बुटक्या गाड्यांच्या मागच्या शॉकॲब्झॉर्बरला खाली-वर व्हायला जागा कमी. प्रत्येक खड्डा थेट मणक्याच्या खात्यावर जमा!

तेव्हा मंडळी, शोरूममधला सेल्समन "सवय होईल साहेब" म्हणाला, तरी आपण रोजच्याच चपला-बुटांत जावं. गाडी स्टँडवरून काढून बसावं. दोन्ही चवडे पुरते टेकले, तर पास. टाच अधांतरी राहिली तरी चालेल. मग हँडल पुरतं वळवावं आणि लांबचं टोक हातातून निसटतंय का ते पाहावं. बसल्या बसल्या पायांनी गाडी थोड्या चढावर मागे ढकलावी. शेवटी चक्कर मारायला मागावी, तीही मुद्दाम खराब रस्त्यावर. सीट थोडी जाड वाटली, तर सीटवाल्याकडून फोम कमी करून घेता येतो. शॉकॲब्झॉर्बर मात्र खाली करू नयेत. गाडीचं पोट मग प्रत्येक स्पीडब्रेकरची विचारपूस करतं.

आमची उंची अठराव्या वर्षीच मुदत ठेवीत गेली. त्यावर आजतागायत एका सेंटिमीटरचंही व्याज मिळालेलं नाही. तेव्हा खाली यायचं ते सीटनेच!