पेडलमधला ‘१ टक्का’

पेडल पॉवर मीटर घ्यायला गेलात की पहिलं दिसतं ते ‘अचूकता ±१ टक्का’. माझी तक्रार आकड्याबद्दल नाही, आपण त्याचा जो अर्थ लावतो त्याबद्दल आहे. तो पेडलवरच्या मापाचा आकडा आहे, तुमच्या एकूण पॉवरचा असेलच असं नाही.

एका बाजूचं स्वस्त मॉडेल फक्त डावा पाय मोजतं आणि सरळ दुप्पट करतं. समजा, तुम्ही खरोखर २०० वॉट लावताय आणि त्यात डाव्याचा वाटा ५२ टक्के, म्हणजे १०४ वॉट. स्क्रीनवर दिसणार २०८. चूक ४ टक्के, आणि पेडल मात्र बरोबर! चूक कायम तेवढीच राहिली असती तर चाललं असतं. पण हा वाटा जोर आणि थकव्यानुसार बदलू शकतो. मग महिनाभराच्या सरावानंतर वाढलेले ८ वॉट तुमचे की दुपटीचे?

दोन्ही बाजूंचं घेतलं तरी सुटका नाही. क्रँकची लांबी तुम्हीच भरायची असते. १७० मिमीऐवजी १७२.५ भरलीत, तर आकडा सुमारे दीड टक्क्याने फुगतो. तापमान बदललं की आतल्या स्ट्रेन गेजचं शून्य सरकू शकतं. म्हणून सायकल थोडा वेळ बाहेर उभी ठेवा आणि पेडलवर पाय न ठेवता झिरो ऑफसेट करा.

नुसता जोर आवरून चालवायचं असेल, तर एक बाजू पुरे. प्रगती मोजायची असेल, तर दोन्ही घ्या. आणि रोज शून्य तपासा.