संचयन-साधनांचे वीजमापन : एका रूढ निकषाचे परीक्षण

संगणकाच्या संचयन-साधनाला किती वीज लागते, या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देण्याची प्रथा पडली आहे. ‘अमुक ड्राइव्ह ५ वॉटचा’ हे विधान प्रबंधांतूनही आढळते. ते असत्य नव्हे, अपुरे आहे. मात्र त्यावर तुलनेची इमारत उभारली की अपुरेपणाचे रूपांतर प्रमादात होते.

३.५ इंची हार्ड डिस्कचेच पाहा. मोटारीला १२ व्होल्टचा व मंडलांना ५ व्होल्टचा पुरवठा लागतो. आरंभी तबकड्यांना गती देताना १२ व्होल्टच्या तारेतून सुमारे २ अँपिअर प्रवाह, म्हणजे २४ वॉट, खर्ची पडतात. पुढे हा व्यय बराच उतरतो. तबकड्यांचे हवेशी होणारे घर्षण हा त्यातील मोठा वाटा. तो भ्रमणवेगाच्या २.८ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो. वेग २० टक्क्यांनी उतरवला की घर्षणव्यय जवळजवळ निम्मा होतो. यांपैकी कोणत्या क्षणाचा आकडा ‘ड्राइव्हचा’ मानावयाचा?

भिंतीवरील प्लगला मापक लावून हा प्रश्न सुटत नाही. संपूर्ण संगणक ६० वॉट घेत असता १ टक्क्याची मापनत्रुटी ०.६ वॉट होते. आणि स्वस्थ असलेल्या दोन सॉलिड स्टेट ड्राइव्हमधील अंतर पुष्कळदा याहून कमी असते. तारेत रोध घालून मोजणे अधिक निर्दोष खरे, परंतु तेथेही तारतम्य हवे. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या एम.२ ड्राइव्हच्या मार्गात ०.१ ओहमचा रोध घातला, तर २ अँपिअरला ०.२ व्होल्ट घटतो. पुरवठ्याची सहनमर्यादा ५ टक्के, म्हणजे ०.१६५ व्होल्ट! मापनानेच मापनीय वस्तू बिघडविण्याचा हा प्रकार होय.

स्टोरेज नेटवर्किंग इंडस्ट्री असोसिएशनच्या ‘एमराल्ड’ मानकात स्वस्थ स्थितीसाठी ‘दर वॉटला किती गिगाबाइट’ असा निकष आहे. संग्रहालयासारख्या साठ्यास तो योग्यच. शिवाय कार्यरत स्थितीचे निकष तेथे वेगळे दिले आहेत. दोष मानकाचा नव्हे. संपूर्ण संचयन-प्रणालीसाठी केलेला हा निकष सुट्या ड्राइव्हला लावणाऱ्यांचा तो आहे. वीज तेवढीच ठेवून धारणक्षमता दुप्पट केली की गुण दुप्पट मिळतात, बचत मात्र शून्य.

आमच्या मते मोजावयाची ती कार्यामागील ऊर्जा. समजा, एक ड्राइव्ह ८ वॉट घेऊन काम १० सेकंदांत संपवितो, दुसरा ३ वॉट घेऊन ४० सेकंदांत. दुसऱ्याचा खर्च १२० ज्यूल. पहिला उरलेले ३० सेकंद १ वॉटवर स्वस्थ राहिला तर ११० ज्यूल होतात आणि तो सरस ठरतो. २ वॉटवर राहिला तर १४० होऊन तो हरतो. स्वस्थतेची ही पातळी केवळ ड्राइव्ह ठरवीत नाही. जोडणीची वीजबचत कार्यप्रणालीने चालू ठेवली आहे की नाही, यावरही ती अवलंबून असते. ही नोंद देणारी कोष्टके आमच्या पाहण्यात फार थोडी आहेत.