वाढणारं घर नेमकं कोणाचं?

मोडनिंबहून पुणे-सोलापूर हायवेने जाताना घरांच्या गच्च्या बघा. कितीतरी ठिकाणी कॉलमच्या सळ्या तशाच वर सोडलेल्या दिसतील. डाळिंबाचे पैसे आले, पोरगं नोकरीला लागलं, की त्या सळ्यांवर पुढचा मजला चढतो. आपल्याकडे याला कोणी वास्तुकला म्हणत नाही. ‘अजून बांधकाम राहिलंय’ एवढंच म्हणतात.

हीच कल्पना चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये नकाशावर आणली. १९८३ ते ८६ या काळात सिडकोसाठी उभी राहिलेली ही वसाहत आजही आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवली जाते. सात-सात घरं, मध्ये साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचा चौक. असे तीन गट मिळून आणखी मोठा चौक. प्लॉट साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरीब आणि मध्यमवर्गीय यांच्या जमिनीत फार तफावत नाही. शेजाऱ्यांची भिंत सामाईक नाही, त्यामुळे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपलं घर वाढवावं.

यामागे सरकारी नियोजनावरचा एक मोठा विश्वास होता. १९६५ साली कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. तिकडे ब्रिटनने महायुद्धानंतर, १९४६ च्या कायद्याने, नवी शहरं वसवायला घेतली होती. मिल्टन कीन्सची घोषणा १९६७ ची. लोकांच्या हातात पैसा येईल, घरात नव्या वस्तू येतील, दारात मोटार येईल, हे धरून घरं मोठी हवीत, असं तिथल्या पार्कर मॉरिस समितीने १९६१ मध्येच सांगितलं होतं. थोडक्यात, नियोजनकाराला दोन गोष्टींचा अंदाज बांधावा लागतो: माणसं किती येतील आणि त्यांच्याकडे पैसा किती येईल.

कोरियांचा दुसरा अंदाज चुकला. त्यांनी वाढ एकेका खोलीची धरली. प्रत्यक्षात बेलापूरची जमीन महागली, पगार वाढले आणि पैसा एकदम आला. विटांच्या भिंती आणि कौलारू छपरं असलेलं बैठं घर बाजूला वाढू शकतं. त्यावर तीन मजले चढत नाहीत. मग अनेकांनी ते पाडलं आणि आरसीसीचं नवं बांधलं. चौकांत गाड्या लागल्या.

यावर ठरलेली टीका अशी, की रहिवाशांनी एका उत्तम कलाकृतीची वाट लावली. मला ती पटत नाही. घर वाढवा असं सांगायचं आणि वाढलं की नाक मुरडायचं, हे बरोबर नाही. या बाबतीत मोडनिंबचा गवंडी जास्त दूरदर्शी म्हणायचा. त्याने सळ्या आधीच सोडून ठेवल्या होत्या. कोरियांचं खरं यश घरात नाही, चौकात आहे. घरं बदलली, रंग बदलले, पण मधली जागा मोकळीच राहिली. पैशाने सगळं विकत घेता येतं, पण सात घरांमधली मोकळी जागा कोणीतरी आधी राखून ठेवावी लागते. आपल्या हायवेकाठच्या गावांत नेमकी तीच राखलेली नाही. घराची पायरी थेट गटारावर उतरते.

पण या वसाहतीवर लिहिताना एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आर्टिस्ट व्हिलेजचं काम चालू असतानाच, जानेवारी १९८४ मध्ये, खाडीपलीकडे जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढे आली.

त्या गावांतली कुटुंबंही वाढत होती. गावठाणाला जागा नव्हती म्हणून त्यांनी जवळच घरं बांधली, खोल्या चढवल्या. सरकारी भाषेत या घरांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ असं नाव पडलं आणि ती नियमित करावीत म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे निघाले.

आता ही दोन घरं शेजारी ठेवून बघा. दोन्ही गरजेप्रमाणे वाढली. एकाला वास्तुकला म्हटलं गेलं, दुसऱ्याला अतिक्रमण. फरक एवढाच, की पहिल्याच्या वाढीचा नकाशा आधी पास झाला होता.

म्हणून आर्टिस्ट व्हिलेजकडे बिघडलेली कलाकृती म्हणून बघू नये. घर वाढणारच, हे सरकारी संस्थेने एकदा तरी मान्य केलं, त्याचा तो पुरावा आहे. ती मान्यता साडेपाचशे कुटुंबांच्या वसाहतीपुरती का राहिली आणि ज्यांच्या जमिनीवर शहर उभं राहिलं त्यांच्यापर्यंत का पोचली नाही, हा प्रश्न आपण कोरियांच्या नकाशाला नाही, त्या नकाशावर सही करणाऱ्यांना विचारला पाहिजे.