आखून दिलेल्या हद्दीत

टेक्सास राज्यातील इड सॉफ्टवेअर या छोट्याशा कंपनीने 10 डिसेंबर 1993 रोजी डूम हा संगणकीय खेळ प्रसृत केला, तेव्हा त्याच्या कर्त्यांपैकी जॉन कार्मॅक यांनी घेतलेल्या एका निर्णयाचे महत्त्व त्या काळी फारच थोड्या खेळणाऱ्यांच्या ध्यानात आले असेल. खेळ चालवणारे यंत्र एका बाजूस आणि त्या यंत्राला लागणारी सारी सामग्री, म्हणजे भिंती, जमिनी, राक्षस, आवाज आणि खुद्द नकाशे, दुसऱ्या बाजूस, ‘वॅड’ नावाच्या स्वतंत्र दप्तरात बांधून ठेवलेली होती. मूळ खेळाला धक्का न लावता कोणीही आपले दप्तर त्याच्यापुढे उघडावे आणि यंत्राने ते वाचून त्याप्रमाणे जग उभे करावे, अशी मुभा त्यामुळे सर्वांना मिळाली. 1994 च्या आरंभी न्यूझीलंडमधील एका विद्यार्थ्याच्या पुढाकाराने नकाशे रचण्याचे साधन लोकांच्या हाती आले आणि तेव्हापासून आजतागायत, तीस वर्षांहून अधिक काळ, ही हौशी रचना खंड न पडता चालू आहे. या दीर्घ काळात तिचे पोषण ज्या एका प्रथेने सर्वांत अधिक केले, ती म्हणजे रचनाकारांच्या समुदायाने आपणच आपल्यापुढे ठेवलेल्या आव्हानांची प्रथा. आणि तिचा विचार आपल्याकडे व्हावा तितका झालेला नाही, म्हणून हा लेख.

या कलेचे मर्म समजण्यासाठी त्यातील बंदुकीवरून दृष्टी थोडी बाजूला न्यावी लागते. पात्राच्या डोळ्यांनी जग पाहत शत्रूंवर गोळ्या झाडायच्या, हे अशा खेळाचे बाह्य रूप झाले. परंतु नकाशा रचणाऱ्याची खरी चिंता अशी की, खेळणाऱ्याने दारातून आत पाऊल टाकताच त्याला काय दिसावे, काय दडलेले राहावे, धोक्याचा आवाज कोणत्या बाजूने यावा, आणि निसटण्याची वाट कोठे असून ती त्याला नेमकी केव्हा उमगावी. जॉन रोमेरो यांनी डूमच्या पहिल्या खंडातील बहुतेक नकाशे रचताना स्वतःस घालून घेतलेले नियम पुढे प्रसिद्ध झाले. जमिनीचा पोत बदलला की तिची उंचीही बदलावी, उजेड आणि अंधार यांचा विरोध साधावा, खिडकीतून जी जागा दिसते तेथे पुढे केव्हातरी पोचता यावे, आणि खेळणाऱ्याने एकाच जागेतून पुनःपुन्हा जावे म्हणजे तिची ओळख त्याच्या मनात पक्की होते, असे ते नियम आहेत. हे स्थापत्याचे आणि नाट्याचे नियम आहेत, आणि ज्याला ते पटतील त्याला या कलेची थोरवी निराळी सांगावी लागणार नाही.

आपल्याकडे समस्यापूर्तीची परंपरा होती. सभेत कोणी श्लोकाचा शेवटचा चरण, बहुधा वरवर असंबद्ध वाटेल असा, पुढे ठेवी आणि उरलेले चरण रचून त्याला अर्थ प्राप्त करून देणे हे कवीचे काम असे. डूम आणि त्याच कंपनीचा नंतरचा खेळ क्वेक यांच्या रचनाकारांमधील आव्हाने याच कुळातील आहेत. कोणी एक जण अट जाहीर करतो, मुदत ठरते, देशोदेशींचे हौशी लोक आपापले नकाशे पाठवतात आणि ते सारे एका दप्तरात संगृहीत होऊन विनामूल्य प्रसृत होतात. अट मात्र प्रत्येक वेळी निराळी असते; आणि अट जशी असेल तशीच फलश्रुती उतरते, हे या साऱ्या संग्रहांचा अभ्यास करताना माझ्या मनावर ठसलेले सत्य आहे.

‘टेन सेक्टर्स’ या जुन्या आव्हानाचे उदाहरण घ्यावे. डूमच्या नकाशात सेक्टर म्हणजे असा भाग की ज्यात जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेड सर्वत्र एकच असतो. आठ पायऱ्यांचा साधा जिना घातला की आठ सेक्टर खर्ची पडले. दार, खिडकीचा उंबरा, दिव्याखालचा उजेडाचा पट्टा, प्रत्येकाची दप्तरी स्वतंत्र नोंद. अशा व्यवस्थेत संपूर्ण नकाशा दहा सेक्टरांत बसवण्याची अट घातल्याबरोबर रचनाकारापुढे प्रत्येक वस्तूबद्दल प्रश्न उभा राहतो की, ही खरोखर हवी आहे काय? जिने जातात आणि त्यांच्या जागी वरखाली सरकणारा एकच पाट येतो. परंतु याहून सुंदर गोष्ट पुढेच आहे. परस्परांपासून दूर असलेले तुकडे एकाच सेक्टराखाली नोंदवण्यास यंत्राची हरकत नसते. याचा लाभ घेऊन एकाच नोंदीचे खांब नकाशाच्या दोन टोकांना उभे करता येतात. मग पूर्वेकडील खांब कळ दाबून खाली उतरवला की पश्चिमेकडचाही त्याच क्षणी उतरतो, आणि त्याच्या आड दडवलेले राक्षस खेळणाऱ्याच्या पाठीमागे मोकळे होतात. काटकसरीसाठी योजलेली युक्ती अशा रीतीने नाट्याचे साधन बनते. क्वेकच्या रचनाकारांनी केवळ शंभर ब्रशांत, म्हणजे शंभर घन ठोकळ्यांत, नकाशा उभा करण्याच्या ज्या स्पर्धा योजल्या, त्यांचे तत्त्वही हेच होते.

याहून कठोर आणि माझ्या मते अधिक फलदायी अशी अट ‘कन्जेशन 1024’ व ‘क्लॉस्ट्रोफोबिया 1024’ या संग्रहांत घातली गेली. सारी खेळण्याजोगी जागा 1024 गुणिले 1024 एककांच्या चौकोनात मावली पाहिजे, एवढीच ती अट. डूममध्ये खेळणाऱ्याच्या देहाची रुंदी 32 एकके धरलेली असते आणि जमिनीची एक फरशी 64 एककांची. तेव्हा सोळा फरशा लांब व सोळा फरशा रुंद एवढ्या अंगणात संपूर्ण मोहीम रचावयाची, आणि तीही अशा यंत्रात की ज्यात एका खोलीवर दुसरी खोली बांधताच येत नाही. मजले चढवून जागा वाढवण्याची वाट बंद झाल्यामुळे एकच उपाय शिल्लक राहतो: तीच जमीन पुनःपुन्हा वापरणे आणि दर वेळी तिचा अर्थ पालटणे. आरंभी जो खड्डा म्हणून दिसला, ज्याच्या कडेवरून शत्रू मारा करत होते, त्याच्याच कडेवर खेळणारा काही वेळाने उभा राहतो. जी भिंत सुरक्षिततेची म्हणून पाठीशी घेतली, तीच शेवटी उघडते. रोमेरो यांचा पुनरागमनाचा नियम येथे इच्छेचा विषय न राहता अपरिहार्य होतो, आणि म्हणूनच या चौकोनांत शिकलेला रचनाकार पुढे मोठ्या जागेतही एक पाऊल वाया घालवत नाही. ब्रिटिश अॅनिमेटर सिरियाक हॅरिस यांचा 2014 मधील ‘गोइंग डाउन’ हा संग्रह, ज्यात एका उंच इमारतीच्या गच्चीवरून आरंभ करून मजल्यामागून मजला खाली उतरावयाचे असते, कोणत्याही आव्हानातून निघालेला नाही. परंतु त्यातील लहान लहान मजल्यांची घट्ट बांधणी पाहिली म्हणजे संकुचित जागेची शिस्त स्वखुशीने पत्करणारा कलावंत कोठवर जातो याचा उत्तम दाखला मिळतो.

येथे एका ऐतिहासिक गोष्टीची नोंद आवश्यक आहे. मूळ डूममध्ये मर्यादा यंत्राच्याच होत्या. एका दृष्टिक्षेपात जमिनीचे व छतांचे 128 हून अधिक निरनिराळे पट्टे आले की खेळ तत्काळ बंद पडे, आणि भिंतींच्या तुकड्यांची संख्या 256 च्या पलीकडे गेली की पडद्यावर चित्राऐवजी विस्कटलेले प्रतिबिंब दिसू लागे. डिसेंबर 1997 मध्ये खेळाची मूळ संहिता खुली करण्यात आली आणि सुधारित यंत्रांनी या हद्दी एकेक करून उठवल्या. स्वातंत्र्य मिळाले हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर अलंकरणाचा सोसही शिरला. खांबाला कंगोरे, कंगोऱ्यांना दिवे, दिव्यांना जाळ्या, असे करत करत कित्येक आधुनिक नकाशे पाहण्यास भव्य आणि खेळण्यास अडखळणारे झाले आहेत, कारण खेळणाऱ्याला धावताना जी वाट अर्ध्या क्षणात ओळखता यावी, ती नक्षीच्या गर्दीत हरवते. यंत्राने घातलेली हद्द गेल्यावर माणसाने स्वतः हद्द आखून घेण्याची गरज वाढली. 2011 मधील ‘डूम द वे इड डिड’ या प्रकल्पाने मूळ कर्त्यांच्या हातवळणाचा कसून अभ्यास करून त्याच शैलीत नवे नकाशे रचण्याचा जो आग्रह धरला, त्याची योग्यता मला या संदर्भात फार मोठी वाटते.

वेळेच्या मर्यादेविषयी मात्र माझे मत इतके अनुकूल नाही. चोवीस तासांत बत्तीस नकाशे तयार करणारे उपक्रम झाले, फ्रेंच रचनाकारांनी तीन तासांच्या मुदतीत नकाशे रचून ‘त्र्वा अर द्‌आगोनी’ सारखा संग्रह सिद्ध केला, आणि नवख्या माणसाच्या मनातील भीड घालवण्यास याहून प्रभावी उपाय नसेल. तथापि मुदत जवळ आली की हात सवयीकडे वळतो. एक प्रशस्त दालन, मागे बंद होणारे दार, चारी कोपऱ्यांतून सुटणारे राक्षस, आणि सर्व मेल्यावर उघडणारे पुढचे दार: ही रचना वेळेच्या आव्हानांतून इतक्यांदा येते की तिला त्या उपक्रमांचा शिरस्ताच म्हणावे लागेल. जागेची मर्यादा रचनाकाराला विचार करण्यास लावते. वेळेची मर्यादा त्याला आधी केलेल्या विचारावर निर्वाह करण्यास भाग पाडते.

विषयाच्या अटीवर योजलेले मॅप जॅम हा आज क्वेकच्या क्षेत्रातील सर्वांत लोकप्रिय प्रकार आहे. त्यातील पुष्कळसे विषय रंगसंगतीपलीकडे जात नाहीत. परंतु 2022 मध्ये झालेला ‘क्वेक ब्रुटलिस्ट जॅम’ हा या नियमाला सन्माननीय अपवाद होय. उघड्या काँक्रीटच्या स्थापत्याचा आदर्श पुढे ठेवल्यामुळे, ज्यांनी ल कॉर्ब्युझिए यांच्या चंदीगडमधील इमारती पाहिल्या आहेत त्यांना सहज समजेल की, रचनाकाराच्या हातून एका फटक्यात सारी नक्षी काढून घेतली गेली आणि त्याच्याजवळ केवळ वस्तुमान, पोकळी आणि तिरपा उजेड एवढेच भांडवल उरले. त्या भांडवलावर या मंडळींनी उभारलेली प्रचंड दालने, अधांतरी सज्जे आणि खोल कूपक पाहून मन स्तिमित होते. दोषही तेथेच आहे. भव्यतेच्या मोहाने अंतरे इतकी वाढली की काही नकाशांत लढाई संपल्यानंतर रिकाम्या काँक्रीटवरून वाट शोधत भटकणेच फार होते. विषयाबरोबर क्षेत्रफळाचीही मर्यादा घातली असती, तर त्या उपक्रमाला तोड उरली नसती.

माणसांविरुद्ध माणसे खेळतात अशा स्पर्धात्मक नकाशांचा न्याय निराळा आहे. डेव्ह जॉन्स्टन यांचे काउंटर-स्ट्राइकमधील डस्ट (1999) आणि डस्ट 2 (2001) हे नकाशे पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत एका पिढीला स्वतःच्या आळीइतके पाठ होते. डस्ट 2 च्या मध्यभागी असलेल्या दुहेरी दाराच्या फटीतून फेरीच्या आरंभीच प्रतिपक्षाचा माणूस क्षणभर दिसून जाई. त्या एका फटीवर नेमबाजांनी वर्षानुवर्षे तपश्चर्या केली आहे. अशा नकाशाची परीक्षा हजारो फेऱ्यांनंतर पुरी होते आणि दुरुस्तीही तशीच सावकाश होत राहते, त्यामुळे अल्प मुदतीचे आव्हान या शाखेला फारसे उपकारक ठरलेले नाही.

आजची एकंदर स्थिती पाहता उणीव उत्पादनाची नाही. 2021 पासून निघालेल्या ‘रॅम्प’ या सर्वांस मुक्तद्वार असलेल्या प्रकल्पात पहिल्याच वर्षी शंभरांहून अधिक नकाशे आले, ‘नोव्हा’सारख्या उपक्रमांनी नवोदितांसाठी खास जागा राखून ठेवली, 2004 पासून दर डिसेंबरात ‘काकोवॉर्ड्‌स’ देऊन वर्षातील उत्तम कृतींचा गौरव होतो. रोमेरो यांच्यासारखा आद्य रचनाकारही 2019 मध्ये ‘सिजिल’ हा नकाशासंग्रह घेऊन या हौशी मंडळींच्या पंगतीस येऊन बसला, आणि 2022 मध्ये युक्रेनमधील आपद्ग्रस्तांच्या मदतीसाठी त्याने एक नकाशा विक्रीस ठेवला. उणीव आहे ती परखड परीक्षणाची. डूममध्ये प्रत्येक राक्षस व प्रत्येक गोळीबाराचे साधन सोप्या, मध्यम किंवा कठीण श्रेणीत हजर असावे की नसावे, याची तरतूद पहिल्या दिवसापासून आहे. तरीही आव्हानांतून येणाऱ्या नकाशांत ही तरतूद अनेकदा कोरीच राहते, कारण रचनाकाराला स्वतःचा नकाशा तोंडपाठ असतो आणि त्याच्या हाताला जे सोपे वाटते तेच तो सर्वांवर लादतो. त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही. भाग घेतला म्हणून आभार, चित्रे सुंदर म्हणून अभिनंदन, एवढ्यावर चर्चा थांबते. सौजन्याने नवखा टिकतो हे खरे; परंतु आपला नकाशा तिसऱ्या दालनात का कोसळला हे ज्याला कोणी सांगितले नाही, तो पुढच्या आव्हानातही तेच दालन बांधतो.

म्हणून माझी दोन मागण्या करण्याची इच्छा आहे. आव्हाने योजणाऱ्यांनी वेळेची आणि रंगाची अट घालण्याऐवजी जागेची, संख्येची आणि साधनांची अट घालावी, आणि तीन श्रेणींची तरतूद पुरी केल्याखेरीज कोणताही नकाशा दाखल करून घेऊ नये. दुसरी मागणी मराठी तरुण वाचकांकडे आहे. फ्रीडूम हा मुक्त परवान्याखालील खेळ विनामूल्य मिळतो, अल्टिमेट डूम बिल्डर हे रचनेचे साधनही विनामूल्य आहे, आणि जुना संगणक या कामास पुरतो. पहिला नकाशा दहा सेक्टरांतच रचावा, तो दुसऱ्यास खेळावयास द्यावा, आणि ज्याच्या हाती तो येईल त्याने शेवटपर्यंत खेळून, कोणती खोली कशामुळे फसली हे स्पष्ट शब्दांत रचनाकाराला लिहून कळवावे.