इसामीचा महंमद तुघलक

केळझर (जि. वर्धा) हेच महाभारतातील एकचक्रा नगर होय, अशी त्या गावची परंपरा आहे, खानदेशातील एरंडोलही हाच मान आपल्याकडे घेते. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस हा बकासुराचा ठरलेला कर. तो ऐकून एकचक्रेची शिरगणती करावी असे कोणाच्या मनात येत नाही. जुलमाची कथा तिच्या रीतीने ऐकावयाची असते, हे श्रोत्यांस ठाऊक असते. तीच कथा फार्सी काव्यात सांगितलेली असली आणि त्या काव्यास इतिहासग्रंथाची प्रतिष्ठा लाभलेली असली, की मात्र ही सावधगिरी सुटते. इसामीच्या ‘फुतूह-उस्-सलातीन’चे असे झाले आहे.

हे काव्य महाराष्ट्रात रचले गेले, ही गोष्ट त्याच्या परीक्षणात गौण मानता येत नाही. इसामी मूळचा दिल्लीचा. महंमद तुघलकाच्या आज्ञेने इ. स. १३२७ मध्ये दिल्लीकरांना दौलताबादेस नेण्यात आले, तेव्हा तो सुमारे १६ वर्षांचा होता. बरोबर ९० वर्षांचे आजोबा होते. ते तिलपतच्या पहिल्याच मुक्कामी वारले. पुढे दौलताबादेतच इसामीचे आयुष्य गेले. डिसेंबर १३४९ मध्ये आरंभ करून मे १३५० मध्ये त्याने सुमारे १२,००० बैत पुरे केले. म्हणजे दिवसाकाठी पाऊणशेहून अधिक! काव्य अर्पण केले ते अलाउद्दीन हसन बहमनशाह याला. त्याच्या राज्यास तेव्हा ३ वर्षेही झाली नव्हती. आणि ज्याचे पतन कवी वर्णन करीत होता तो सुलतान अद्याप जिवंत होता. महंमदाचा मृत्यू मार्च १३५१ मध्ये सिंधमध्ये ठठ्ठ्याजवळ झाला.

तेव्हा इसामीच्या दृष्टीने ‘पतन’ म्हणजे दख्खनचे दिल्लीपासून तुटणे. बंड करून गादीवर बसलेल्या राजाचे बंड न्याय्य ठरावयाचे तर आधीचा धनी राक्षस ठरला पाहिजे. साचा तयारच होता. फिर्दौसीचा शाहनामा हा इसामीचा आदर्श. त्यातील झहाकाच्या खांद्यांवरील सापांना रोज दोन माणसांचे मेंदू लागतात, आणि अखेर फरीदून त्याचे पारिपत्य करतो. बकासुर आणि भीम यांच्याहून ही मांडणी फारशी निराळी नाही.

दिल्लीहून निघालेल्यांपैकी एक दशांश लोकच दौलताबादेस पोहोचले, असे इसामी म्हणतो. हा आकडा नंतरच्या कित्येक लेखकांनी हिशेबासारखा वापरला. पण बरनीच्या मते दिल्लीत कुत्रे-मांजरही उरले नव्हते. आणि १३३३ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने ऐकले ते असे की, एका आंधळ्यास फरफटत नेले आणि दौलताबादेस त्याचा नुसता पाय पोहोचला. दशांश, मांजर आणि पाय ही तिन्ही एकाच जातीची प्रमाणे आहेत. दिल्लीनजीकच्या सरबन येथील वि. सं. १३८४ (इ. स. १३२८) च्या संस्कृत शिलालेखात मात्र एका व्यापारी घराण्याने विहीर बांधल्याची नोंद आहे. उजाड नगरीत कोणी विहिरी खणीत नाही. हलविले गेले ते मुख्यतः दरबाराशी निगडित मुसलमान अभिजन, विद्वान व सूफी, असेच यावरून मानावे लागते.

म्हणून इसामी त्याज्य ठरतो काय? तसे मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. दख्खनच्या उठावाविषयी त्याचे कथन अत्यंत मोलाचे आहे. धार येथे अझीझ खुम्मार याने ऐंशीहून अधिक अमीरान-इ-सदा मारविले. त्यानंतर गुजरातेत बंड उसळले. दौलताबादच्या अमिरांना भडोचेस बोलावणे आले. ते वाटेतूनच उलटले, किल्ला त्यांनी घेतला आणि इस्माइल मुख यास गादीवर बसविले. सुलतानाने स्वतः येऊन त्यांचा मोड केला खरा, पण किल्ला हाती येण्यापूर्वीच तघीच्या बंडामुळे त्याला गुजरातेकडे धावावे लागले. हसनने बीदरजवळ इमाद-उल्-मुल्क सरतेज यास ठार केले आणि ३ ऑगस्ट १३४७ रोजी तो दौलताबादेस सुलतान झाला. बरनी १७ वर्षे महंमदाच्या पदरी होता. त्याला हा प्रसंग सुलतानाच्या छावणीतून दिसतो. इसामीला तो दौलताबादेतून दिसतो. सुलतानाचा नाश वेडाने झाला की अविश्वासाने, हा प्रश्न येथे बराचसा सुटतो. ज्या सरदारांच्या बळावर दख्खन राखावयाचे त्यांनाच धारेच्या वधाने जिवाची धास्ती पडली. आजच्या मराठीतील ‘तुघलकी’ या शब्दात लहर तेवढी उरली आहे, ही धास्ती त्यातून गळून गेली.

कवीची साक्ष त्याच्याच सूत्राविरुद्ध जाते, अशी एक जागाही पाहण्यासारखी आहे. दिल्लीचे भाग्य निजामुद्दीन औलियांबरोबर (मृ. १३२५) गेले आणि दौलताबादचे बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृ. १३३७) यांच्यामुळे उजळले, असे तो मानतो. पण बुऱ्हाणुद्दीनही दिल्लीहूनच आलेले. खुलताबादेतील त्यांची कबर हे त्याच स्थलांतराचे फळ. ज्या आज्ञेला इसामी निव्वळ संहार म्हणतो तिनेच त्याची दख्खन त्याला दिली.

आजोबांच्या मृत्यूविषयी मात्र शंका घेण्याचे कारण नाही. तिलपत दिल्लीच्या अगदी जवळ आहे. प्रवासाचे हाल तेथवर सुरूही व्हावयाचे होते. म्हातारा वाटेने मेला नाही, घर सुटले म्हणून मेला. २२ वर्षांनी दौलताबादेत बसून, नव्या धन्याची स्तुती करीत असतानाही, कवीला तो मुक्काम नावानिशी आठवतो.