आधी मोजा, मग उचला

उल्हास नदीला पूर आला की बदलापूर परिसरात 'पंचनामा' हा शब्द घरोघरी ऐकू येतो. २००५ आणि २०१९ सालच्या जुलैमधल्या पुरांनंतर तो असाच कानांवर पडला होता. सोनिवलीतल्या शाळकरी मुलालाही तो नवा नसेल. पंचनामा म्हणजे काय, तर तटस्थ माणसांच्या समक्ष जे दिसले ते लिहून ठेवणे. ही कल्पना आम्हांला फार मोलाची वाटते. निरीक्षण करा, साक्षीदार ठेवा, लगेच लिहा. विज्ञानही याहून वेगळे काय सांगते? आमचा आक्षेप कल्पनेवर नाही, ती राबवण्याच्या रीतीवर आहे.

गुन्ह्याच्या जागेची नोंद तीन प्रकारे होते : टिपण, छायाचित्र आणि नकाशा. या तिघांपैकी एकावर भागत नाही. छायाचित्र तपशील दाखवते, पण अंतर फसवते. भिंगाप्रमाणे आणि कोनाप्रमाणे दोन वस्तू जवळ किंवा दूर भासतात. नकाशा अंतर अचूक सांगतो, पण रंग आणि पोत सांगत नाही. खोलीत रॉकेलचा वास होता, पंखा चालू होता, दिवा बंद होता, हे फक्त टिपणात येते. म्हणून आधी दुरून, मग मध्यम अंतरावरून, मग जवळून छायाचित्रे घ्यायची. जवळचे छायाचित्र एकदा मोजपट्टीशिवाय आणि एकदा मोजपट्टी ठेवून. हे सारे झाल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही. कारण उचललेली वस्तू पुन्हा त्याच जागी ठेवता येते, पण तिची मूळ जागा परत मिळत नाही.

नकाशातली भूमिती तर नववी-दहावीच्या वर्गात शिकवण्यासारखी आहे. 'चाकू दारापासून साधारण पाच फुटांवर पडला होता' या वाक्याने चाकूची जागा कळते काय? कळत नाही. दाराच्या चौकटीला केंद्र मानून पाच फूट त्रिज्येचा कंस काढला तर चाकू त्या कंसावर कुठेही असू शकतो. त्याच भिंतीवरच्या दुसऱ्या स्थिर बिंदूपासूनचे, समजा खिडकीच्या कोपऱ्यापासूनचे, अंतरही मोजले की दुसरा कंस मिळतो. दोन्ही कंस दोन ठिकाणी छेदतात. त्यांतला एक बिंदू भिंतीपलीकडे पडतो, म्हणून खोलीतला एकच उरतो. एक जास्तीचे माप आणि 'साधारण' हा शब्द गाळणे, एवढ्यावर पुरावा उभा राहतो किंवा पडतो.

दुसरा दोष भाषेचा आहे. 'भिंतीवर रक्ताचे डाग दिसले' असे लिहिले जाते. पण डोळ्यांना रक्त दिसत नाही, तांबूस-तपकिरी डाग दिसतात. ते रक्त आहे की गंज आहे की पानाची पिंक, हे प्रयोगशाळेने ठरवायचे असते. 'रक्ताचे डाग' लिहिणाऱ्याने निष्कर्ष आधी काढला आणि निरीक्षण त्यावर बेतले. त्यात ठरावीक वाक्ये या पंचनाम्यातून त्या पंचनाम्यात उतरत राहिली आणि पंचांची सही मागाहून घेतली गेली, तर तो कागद पाहिलेल्या गोष्टीचा राहत नाही. न्यायालयात उलटतपासणीला तो टिकत नाही, आणि त्याचा तोटा कधी पीडिताला होतो, तर कधी निरपराध आरोपीला.

यावर कॅमेरा हा उपाय म्हणून पुढे आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे कलम १७६ सांगते; त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. डिजिटल नक्कल पुराव्यात आणताना प्रमाणपत्र लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने जालना मतदारसंघाच्या २०१४ सालच्या निवडणुकीवरून चाललेल्या खटल्यात २०२० साली पुन्हा स्पष्ट केले. नव्या साक्ष्य कायद्यातल्या प्रमाणपत्रात फाइलचे 'हॅश मूल्य'ही द्यायचे असते. फाइलमधल्या सर्व आकड्यांवरून गणिताने काढलेली ही एक खूण. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी खूण पार बदलते.

हे सगळे स्वागतार्हच आहे. पण कॅमेऱ्याची मर्यादा कोणी सांगत नाही. हॅश मूल्य मुद्रणानंतरची ढवळाढवळ उघड करते. मुद्रणापूर्वी वस्तू कोणी हलवली हे त्याला ठाऊक नसते. जिकडे रोखला तिकडचेच कॅमेरा पाहतो. मोजपट्टी नसेल तर अंतर सांगत नाही. मोबाइल हाती आला म्हणून फूटपट्टी खिशात ठेवली, तर जुनाच दोष नव्या रूपात उरेल.

नोंदीची किंमत काय असते हे बदलापूरकरांनी २०२४ साली फार जवळून पाहिले. ऑगस्टमध्ये एका शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. २० ऑगस्टला लोकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखून धरली. गुन्हा नोंदवण्यातल्या दिरंगाईबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना खडसावले. शाळेतल्या कॅमेऱ्यांचे पंधरा दिवसांचे चित्रण मिळत नसल्याचे तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, असे पोलिसांचे म्हणणे होते. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात त्या पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नसल्याचे नमूद होते.

इथे विज्ञानशिक्षकाने थांबावे. ठसे नाहीत, म्हणजे हात लागलाच नाही, एवढे सरळ अनुमान काढता येत नाही. पिस्तुलाच्या खडबडीत मुठीवर स्पष्ट ठसा उमटणे मुळातच अवघड असते, आणि उमटलेला ठसा पुसलाही जाऊ शकतो. उलट, ठसे मिळाले नाहीत म्हणून त्या अभावाला काहीच अर्थ नाही, असेही म्हणता येत नाही. त्याचा अर्थ लावायचा तर घटनेनंतर पिस्तूल कोणी हाताळले, कशात बांधले, कोणत्या वेळी कोणाच्या हवाली केले, याची अखंड साखळी लिहिलेली हवी. ती नसेल तर प्रयोगशाळेतले उत्तम उपकरणही मुके होते.

आणि शाळेचे काय? कॅमेऱ्याचे मुद्रणयंत्र चकती भरली की जुन्या चित्रणावर नवे मुद्रण करते. म्हणून तक्रार येताच चित्रण राखून ठेवायला हवे, आणि यंत्रातले घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे तेही लिहायला हवे. लहान मूल काही सांगू लागले तर त्याला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नयेत. 'असे झाले का' म्हणून शब्द त्याच्या तोंडी देऊ नयेत. ते जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहावे, आणि विनाविलंब पोलिसांना कळवावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते बंधनकारक आहे. पहिला पंचनामा अनेकदा शिक्षकाच्याच हातून होणार असतो.

आता एक कटू गोष्ट. आपल्या प्रयोगशाळांत गेल्या वर्षीचे जर्नल पाहून या वर्षीचे लिहिले जाते, उत्तर आधी ठरते आणि वाचने मागून जुळवली जातात. तेथे खाडाखोड नसलेल्या वहीला पूर्ण गुण मिळतात. सही मागाहून घेतलेला पंचनामा याच शाळेत शिकून बाहेर पडतो. पोलिसांवर टीका करताना हे विसरून चालणार नाही.

उपाय अवघड नाही. वर्गाच्या एका कोपऱ्यात सांडलेली शाई, उलटलेली खुर्ची, उघडी वही अशी मांडणी करावी. चार गटांनी हात न लावता टिपण आणि नकाशा तयार करावा. मग मांडणी मोडून, केवळ नोंदीवरून पाचव्या गटाला ती पुन्हा उभी करायला सांगावी. खुर्ची हातभर सरकली, तर चूक नोंदीत कुठे आहे ते मुलेच शोधतील. त्या तासाला खाडाखोड झालेल्या वहीचे गुण मात्र कापू नयेत.